खांब नंबर आठ कुठे गेला?

मुंबईच्या कोस्टल रोडवरून तुम्ही गेला असाल, तर वरळीच्या टोकाला सी लिंकला लागायच्या जरा आधी एक पांढरी कमान तुमच्या लक्षात आली असेल. गेला नसाल, तरी इन्स्टावर ती पाहिलेली आहेच. सूर्य मावळतोय, कमानीतून गाडी सुसाट जातेय, मागे गाणं वाजतंय. त्या एका फ्रेमवर किती रील्स झाली असतील, याचा हिशेबच नाही.

आता एक प्रश्न. ही कमान कोणाच्या डोक्यातून आली? एखाद्या मोठ्या आर्किटेक्टच्या? परदेशी सल्लागाराच्या? ‘शहराला आयकॉनिक काहीतरी हवं’ म्हणणाऱ्या एखाद्या नेत्याच्या?

यांपैकी कोणाच्याच नाही. ती कमान तिथे आहे, कारण वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार अडून बसले होते.

सध्या राज्यात जिकडे पाहावं तिकडे महामार्गाचं काम चालू आहे किंवा होऊ घातलंय. तुमच्या गावाला, कॉलेजच्या रस्त्याला, आजोळच्या शेताला त्यातला एखादा तरी लागून जातच असेल. रस्ता कुठून जाणार, किती पदरी होणार, टोल किती, यावर आपण भरपूर बोलतो. पण तो रस्ता दिसणार कसा आणि ते ठरवताना आजूबाजूच्या लोकांना कोणी विचारणार का, हा प्रश्न मात्र आपण ऑप्शनला टाकतो. वरळीची गोष्ट नीट समजून घेतली, तर हा प्रश्न ऑप्शनला टाकण्यासारखा नाही, हे पटेल.

साठ मीटर की एकशे वीस?

मुंबईचा किनारी रस्ता (दक्षिण) हा प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सी लिंकच्या वरळी टोकापर्यंतचा साधारण साडेदहा किलोमीटरचा प्रकल्प. काम २०१८ मध्ये सुरू झालं. हा रस्ता सी लिंकला जोडण्यासाठी समुद्रात पूल बांधायचा होता. नकाशावर त्या पुलाच्या दोन खांबांमधला गाळा होता ६० मीटरचा.

इंजिनीअरच्या टेबलावर ६० मीटर म्हणजे ऐसपैस. पण वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होडी काढणाऱ्याला विचारा. त्याची होडी कागदावर काढलेल्या सरळ रेषेत जात नाही. वारा असतो, भरती-ओहोटीची ओढ असते, पावसाळ्याच्या तोंडाला समुद्र खवळलेला असतो. समोर सी लिंकचे खांब आधीपासूनच उभे. त्यात हा नवा पूल आला, तर बंदरातून बाहेर पडायची वाट आणखी अरुंद होणार. होडी भरकटून खांबावर आदळली, तर नुकसान कोणाचं आणि जीव कोणाचा? म्हणून मच्छीमारांनी आधी २०० मीटरची मागणी केली, पुढे १६० वर आले. पालिकेचं म्हणणं, ६० पुरेसे आहेत. मग निवेदनं झाली, बैठका झाल्या. होड्या समुद्रात आणून काम थांबवण्यापर्यंत गोष्टी गेल्या. ‘आम्हाला आधी विचारलंच नाही’ ही त्यांची तक्रार त्या सगळ्याच्या मुळाशी होती.

शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तोडगा जाहीर केला. सात आणि नऊ नंबरच्या खांबांमधला आठ नंबरचा खांब काढून टाकायचा. म्हणजे गाळा झाला १२० मीटरचा.

आता मधे खांबच नाही म्हटल्यावर एवढा मोठा गाळा पेलणार कसा? साध्या गर्डरला ते झेपेना. म्हणून तिथे धनुष्याच्या आकाराची पोलादी कमान आली. कमान म्हणजे धनुष्य आणि खालचा रस्ता म्हणजे त्याची ताणलेली दोरी. भार कमानीतून दोन टोकांच्या खांबांवर जातो. यातली पहिली कमान १३६ मीटर लांब आणि सुमारे २,००० टन वजनाची होती. एप्रिल २०२४ मध्ये ती समुद्रातून बार्जवर आणून भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत बसवली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किनारी रस्ता सी लिंकला जोडला गेला.

म्हणजे बघा, ज्या आकारामुळे हा रस्ता ओळखला जातो, तो आकार लोकांच्या मागणीतून आला. कोळीवाड्यातल्या कोणीही ‘पूल सुंदर करा’ असं म्हटलं नव्हतं. ‘आमच्या होड्यांना वाट ठेवा’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वाट ठेवायला घेतली आणि पूल देखणा झाला.

पण हीच गोष्ट उलटीही वाचता येते. खांब काढायचा निर्णय झाला, तेव्हा काम सुरू होऊन चार वर्षं झाली होती. डिझाइन बदललं, खर्च वाढला, वेळ वाढला. हाच बदल काम सुरू होण्याआधी झाला असता, तर तो फक्त कागदावर करावा लागला असता. समुद्रात नाही. लोकांना उशिरा विचारणं महागात पडतं, ते असं.

‘दिसणं’ म्हणजे रंगरंगोटी नव्हे

रस्त्याचं दिसणं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उड्डाणपुलाच्या खांबांवर काढलेली चित्रं, दुभाजकात कोंबलेल्या कुंड्या, रंग बदलणारे दिवे, चौकातला एखादा पुतळा किंवा ‘आय लव्ह अमुक’ अशी अक्षरं. मुंबईत सुमारे १,७०० कोटींची सुशोभीकरण मोहीम निघाली, तेव्हा विजेच्या खांबांना आणि झाडांनाही दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. झाडांवरच्या दिव्यांचा मुद्दा पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळं म्हणजे रस्ता झाल्यावर त्याला लावलेली पावडर.

खरं दिसणं त्याच्या कितीतरी आधी ठरतं. गावातून जाणारा महामार्ग भरावावर न्यायचा की खांबांवर? कठडा भरीव ठेवायचा की पलीकडचं दिसेल असा? झाडांची जुनी रांग एका बाजूला घेऊन रस्ता वळवायचा की सरळ आखणी करून झाडं पाडायची? होर्डिंगला परवानगी द्यायची की नाही? हे निर्णय इंजिनीअरिंगचे वाटतात. पण पुढची पन्नास-साठ वर्षं त्या गावातल्या माणसांना घराच्या ओट्यावरून समोर काय दिसणार, हे त्यातूनच ठरतं.

यातला भरावाचा मुद्दा घ्या. राज्यात कुठल्याही महामार्गाच्या कामावर जा, ‘भराव नको, खांबांवरचा पूल द्या’ ही मागणी ऐकू येते. का? भराव म्हणजे गावाच्या मधोमध उभी राहिलेली मातीची भिंत. इकडे शाळा, तिकडे वस्ती. इकडे शेत, तिकडे गोठा. पलीकडे जायला एक बोगदा, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. भराव स्वस्त पडतो हे खरं आहे. पण तो ज्यांच्या दारासमोर येतो, त्यांच्यासाठी गावाचं चित्रच बदलतं. कालपर्यंत समोर दिसणारं देऊळ आज दिसत नाही, संध्याकाळी पारावर बसणारी माणसं दोन तुकड्यांत विभागली जातात.

कोल्हापूरकरांना तर याची आणखी एक बाजू चांगलीच ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. पुराच्या पाण्याला भराव आडवा येतो, म्हणून पंचगंगेच्या त्या पट्ट्यात रस्ता खांबांवर घ्या, ही मागणी तिथले लोक सतत करत आले आहेत. तिथे ‘रस्ता कसा दिसतो’ आणि ‘पाणी कुठे जातं’ हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. वरळीतही नव्हते.

आणखी एक गंमत बघा. महामार्गाला दोन चेहरे असतात. एक गाडीतल्या माणसाला दिसतो, दुसरा रस्त्याकडेला राहणाऱ्याला. गाडीतला माणूस ताशी शंभरच्या वेगाने दोन मिनिटांत निघून जातो. कडेचा माणूस तिथेच राहतो. प्रकल्पाच्या जाहिरातीतली चित्रं मात्र नेहमी पहिल्या चेहऱ्याची असतात, नाहीतर थेट ड्रोनमधून काढल्यासारखी. ओट्यावर बसलेल्या आजीच्या उंचीवरून काढलेलं चित्र तुम्ही कधी पाहिलंय?

किनारी रस्त्याचंच उदाहरण पुन्हा घेऊ. मरीन ड्राइव्हकडून निघालेला रस्ता गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलच्या भागात दोन किलोमीटरहून लांब अशा जुळ्या बोगद्यांतून जातो आणि प्रियदर्शिनी पार्कजवळ बाहेर येतो. त्यामागे तांत्रिक कारणं होतीच. पण परिणाम बघा. जगप्रसिद्ध ‘क्वीन्स नेकलेस’चा देखावा जसाच्या तसा राहिला. चांगलंच झालं. पण चौपाटीच्या देखाव्यासाठी कोणाला होड्या आडव्या घालाव्या लागल्या नाहीत. कोळीवाड्याला मात्र एका खांबासाठी भांडावं लागलं. कोणाच्या खिडकीतलं दृश्य आपोआप जपलं जातं आणि कोणाला त्यासाठी झगडावं लागतं, हा सौंदर्याइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

एका दरीची गोष्ट

‘हे सगळं बोलायला ठीक, प्रत्यक्षात असं कुठे होतं का?’ असं तुमच्यातल्या सिव्हिलवाल्यांना वाटत असेल. होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ग्लेनवुड कॅन्यन नावाची एक अरुंद दरी आहे. खाली कोलोरॅडो नदी, दोन्ही बाजूंना उभे कडे, नदीच्या एका काठाने रेल्वे आणि दुसऱ्या काठाने जुना दुपदरी रस्ता. १९५६ नंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणलं जाऊ लागलं आणि पूर्व-पश्चिम जाणारा आय-७० हा चौपदरी महामार्ग याच दरीतून न्यायचं घाटत होतं. नेहमीच्या पद्धतीने करायचं तर कडे फोडायचे, नदीत भराव टाकायचा आणि सपाट चौपदरी पट्टा काढायचा.

स्थानिक लोक आणि पर्यावरणवादी विरोधात उभे राहिले. गायक जॉन डेन्व्हरही त्यात होता. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी रस्ता तिथूनच गेला, पण कसा गेला ते महत्त्वाचं. नागरिकांची एक सल्लागार समिती नेमली गेली. ती इंजिनीअर आणि आर्किटेक्ट यांच्याबरोबर डिझाइनच्या टेबलावर बसली. दरी अरुंद असेल, तर चारही पदर एकाच पातळीवर कशाला हवेत? जाणारा रस्ता खाली आणि येणारा वर, अशी पायऱ्यांसारखी रचना करू. कडा फोडण्याऐवजी रस्ता खांबांवर तोलून धरू. जिथे दरी सर्वांत नाजूक, तिथे बोगद्यात शिरू. सुमारे २० किलोमीटरच्या त्या पट्ट्यात ४० पूल आणि खांबांवरचे मार्ग बांधले गेले. झाडांना नाहक इजा झाली, तर कंत्राटदाराला दंड होता. फोडाव्या लागलेल्या खडकाचा ताजा पांढरा रंग डोळ्यांत खुपू नये, म्हणून त्यालाही जुनाट छटा दिली गेली. आणि नदीकाठाने सायकल व पायी जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट ठेवली.

१९९२ मध्ये तो रस्ता पूर्ण झाला. खर्च सुमारे ४९ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मानाने प्रचंड. ‘एवढे पैसे आमच्याकडे कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण त्या प्रकल्पातून शिकायची गोष्ट पैशांची नाहीच. प्रश्न विचारायची वेळ कोणती, ही आहे. तिथे नागरिक नकाशा पक्का होण्याआधी टेबलावर होते. आपल्याकडे ते बहुतेक वेळा भूमिपूजनाच्या मांडवाबाहेर असतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे विचारायची सोयच नाही, असं नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या महामार्ग प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. सुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते. किमान ३० दिवस आधी सूचना हवी. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करून द्यावा लागतो.

कागदावर छान आहे. पण त्याला फटी आहेत. रुंदीकरणासाठी नवी जमीन घ्यायची नसेल, तर जनसुनावणीची गरज नाही. २०१३ मध्ये नियम आणखी सैल झाले आणि रुंदीकरणाच्या अनेक कामांना पर्यावरण मंजुरीतूनच सूट मिळाली. शिवाय सुनावणीचा भर हवा, पाणी, झाडं, विस्थापन यांवर असतो आणि तो असायलाच हवा. पण ‘भरावाऐवजी खांब का नाहीत, त्याचं चित्र दाखवा’ असं विचारायचा वेगळा टप्पा त्यात नाही. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या १ टक्का रक्कम झाडं आणि सुशोभीकरणासाठी ठेवायची तरतूद आहे. म्हणजे सौंदर्यासाठी पैसा आहे. पण तो रस्ता ठरल्यानंतरचा आहे.

किनारी रस्त्याची कहाणी याच फटीतून गेली. २०१७ मध्ये त्याला सागरी किनारा नियमनाखालची मंजुरी मिळाली होती. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घेतली नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. कायदेशीर बाजू बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. बोलायचं व्यासपीठ वेळेवर मिळालं नाही, की लोक कोर्टात जातात किंवा होड्या घेऊन समुद्रात उतरतात. तिसरा मार्ग त्यांच्यापुढे उरत नाही.

सगळ्यांना विचारत बसलो तर...

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकू. ‘सगळ्यांना विचारत बसलो तर रस्ता होणार कधी?’ हा काही फक्त सरकारी अधिकाऱ्यांचा प्रश्न नाही. गणपतीला कोकणात जाताना खड्ड्यांत हाडं खिळखिळी झालेला कुठलाही चाकरमानी हेच विचारेल. पण मुंबई-गोवा महामार्ग एक तप उलटून गेलं तरी रखडला, तो लोकांना फार विचारलं म्हणून नाही. भूसंपादनाचा घोळ आणि कंत्राटदारांनी अर्धवट टाकलेली कामं, ही त्याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. लोकांना विचारल्याने उशीर होतो, हे गृहीतक म्हणूनच तपासून बघायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? इंग्रजीत ईमेल लिहिणारी सोसायटी लगेच ऐकली जाते. रस्त्याकडेला चहाची टपरी टाकणारा, उड्डाणपुलाखाली झोपणारा, हंगामी ऊसतोड कामगार यांचं मत कोण नोंदवतो? आणि रस्ता वापरणारा लांबचा प्रवासी, तोही लोकच ना? प्रत्येकाने ‘माझ्या दारातून नको, शेजारच्याच्या दारातून ने’ म्हटलं, तर काम कसं व्हायचं? याला सोपं उत्तर नाही. पण म्हणून विचारूच नये, हे उत्तर नक्कीच नाही. जास्त लोकांना, जास्त लवकर आणि त्यांच्या भाषेत विचारणं, एवढंच हातात आहे.

तिसरा धोका सगळ्यांत मोठा. विचारल्याचं नाटक. शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तळाला असतो तो निव्वळ देखावा, म्हणजे लोकांना बोलावून आपलंच म्हणणं त्यांच्या गळी उतरवणं. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, थोडंफार समाधान करणं. आणि वरच्या पायऱ्यांवर खरी भागीदारी व निर्णयाचा अधिकार. ‘पुलाच्या दिव्यांसाठी तीनपैकी एक रंग निवडा’ असा पोल तुमच्या मोबाइलवर आला, तर तो शिडीच्या कितव्या पायरीवर आहे, ते तुम्हीच ठरवा. आणि हेही लक्षात ठेवा, की ज्यांची जमीन जाणार आहे, त्यांचा प्रश्न ‘रस्ता कसा दिसावा’ हा नसतो, ‘रस्ता हवाच कशाला’ हा असतो. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध असाच आहे. त्यांना झाडांच्या जाती निवडायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. दिसण्याची चर्चा ही असण्या-नसण्याच्या चर्चेला पर्याय होऊ शकत नाही.

माटुंग्याचा धडा

एवढ्या सगळ्यात तुम्ही काय करायचं? आधी एक जवळचं उदाहरण बघा. रुईया, पोदार, व्हीजेटीआय, खालसा यांपैकी कुठल्याही कॉलेजात असाल, तर ते तुमच्या पायाखालचंच आहे. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालची जागा एके काळी पार्किंग आणि कचऱ्याने भरलेली असायची. ती मोकळी झाल्यावर पुन्हा बळकावली जाऊ नये, म्हणून आसपासच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने पहारा ठेवला आणि तिथे बाग करा, असा पालिकेकडे पाठपुरावा केला. त्यातून उभं राहिलं नानालाल डी. मेहता उद्यान. त्यातली चालायची वाट नर्मदा नदीच्या वळणांसारखी आखलेली आहे. डोक्यावरून गाड्या धावतात आणि खाली माणसं चालतात. पुलाखाली काय असावं, हे पूल बांधणाऱ्याने ठरवलं नव्हतं. ते शेजाऱ्यांनी ठरवलं.

तुमच्या हातात पहाऱ्यापेक्षा जास्त साधनं आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या भागातल्या प्रकल्पाचा सविस्तर अहवाल आणि आराखडे मागा. पेपरातली जाहीर सूचना वाचायची सवय लावा. बारीक टायपात, टेंडरांच्या गर्दीत असते ती. झाडावर चिकटवलेली नोटीस दिसली, तर फोटो काढा, हरकतीची मुदत बघा आणि ती संपायच्या आत लिहा.

आणि लिहाल तेव्हा मोघम लिहू नका. ‘रस्ता कुरूप होईल’ या वाक्याची फाइल उघडतही नाही. ‘शाळा आणि एसटी थांबा यांच्या मधे पाच मीटर उंच भराव येतो, तिथे खांबांवरचा पूल द्यावा, ते शक्य नसेल तर उजेड आत येईल इतका रुंद भुयारी मार्ग द्यावा’ या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. कोळीवाड्याचं बळ त्यांच्या घोषणांत होतंच, पण त्याहून जास्त एका आकड्यात होतं. किती मीटर हवेत आणि का, हे त्यांना सांगता येत होतं.

आर्किटेक्चर आणि सिव्हिलवाल्यांनो, गावकऱ्यांना प्लॅन वाचता येत नाही. तुम्हाला येतो. ओट्यावरच्या आजीच्या उंचीवरून समोरचा रस्ता कसा दिसेल, याचं एक साधं स्केच काढून ग्रामसभेत लावा. दहा पानी निवेदनापेक्षा ते जास्त बोलेल. मास मीडियावाल्यांनो, ड्रोनने वरून शूट करता ना, एकदा खाली उतरून करा. कलाशाखेवाल्यांनो, सुनावणीत कोण बोललं आणि कोणाला माइक मिळालाच नाही, याची नोंद ठेवा.

मुंबईकरांसाठी तर ताजं निमित्त आहे. किनारी रस्त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव घातला गेला. त्यातली ७० हेक्टर जागा मोकळी, हिरवी राहणार, असं सांगण्यात आलंय. त्या रस्त्यावर तुमची बाइक नेता येत नाही, दुचाकीला बंदी आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी उघडलेला समुद्राकाठचा फिरायचा रस्ता तुमचाही आहे. त्या ७० हेक्टरवर सावली किती असणार, बसायला जागा किती, स्वच्छतागृहं कुठे, फुकट खेळता येईल असं मैदान असणार की नुसत्या तिकीटवाल्या बागा? उत्तरेला वर्सोव्याहून भाईंदरच्या दिशेने पुढचा रस्ता येतोय. तिथेही कोळीवाडे आहेत, कांदळवनं आहेत. बैल गेला आणि झोपा केला, असं तिथे होऊ द्यायचं नसेल, तर बोलायची वेळ आत्ताची आहे.

आता पुढच्या वेळी त्या पांढऱ्या कमानीखालून जाल, तेव्हा रील जरूर काढा (गाडी दुसरं कोणी चालवत असेल तरच). पण एकदा खाली समुद्राकडेही बघा. सात नंबरच्या खांबानंतर थेट नऊ नंबरचा येतो. मधल्या मोकळ्या पाण्यातून कदाचित एखादी होडी बंदराकडे परतत असेल. त्या रस्त्यावरची सगळ्यांत चांगली डिझाइन केलेली जागा तीच आहे. तिथे काहीच बांधलेलं नाही.